तीन बंदुकांचे मामा

घर दाखवताना मालक आधी पाण्याचं सांगतात, मग भाड्याचं, आणि मग हळूच तुम्ही काय खाता ते विचारून घेतात. अंबत्तूरच्या त्या घराच्या मालकांनी यातलं काहीच केलं नाही. वरच्या मजल्याच्या जिन्यात ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "मॅनेजर अम्मा, एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. घरांत तुप्पाकी आहेत. तीन. मागल्या भाडेकऱ्यास मी उशिरा सांगटलों, तर तो पळून गेला. तुम्हांस भय आहे कां?"

चेन्नईत येऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. तुप्पाकी ही मांजराची एखादी जात असावी असं समजून मी म्हणाले, "छे, भय कसलं? माझ्या माहेरी पुष्कळ होत्या. एक तर माझ्या पांघरुणातच झोपायची."

मालकांच्या, म्हणजे मामांच्या, चेहऱ्यावर त्या क्षणी जो आदर दिसला, तसा मला बँकेच्या अख्ख्या नोकरीत कुणी दिला नाही. त्यांनी भाडं तिथल्या तिथे कमी केलं. संध्याकाळी खालच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून त्यांनी मला तीन रायफली दाखवल्या तेव्हा माझी बोबडी वळली, पण तोवर माझं सामान वर चढलं होतं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. बँकेने मला साताऱ्याहून उचलून अंबत्तूरच्या शाखेत टाकलं होतं आणि नवरा त्याच्या नोकरीपायी साताऱ्यातच राहिला होता. मी मॅनेजर नव्हते. हे मी मामांना अनेकदा सांगितलं, पण त्यांनी दिलेली बढती त्यांनी कधी मागे घेतली नाही. 'मामा' हे नावही मी दिलेलं नव्हे. त्या गल्लीत सगळेच त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणत. मीही म्हणू लागले.

मामा तंजावरकडचे मराठी. राजांबरोबर दक्षिणेत आलेल्यांपैकी कुणाचे तरी वंशज. उंच, काटकुळे, कपाळावर अंगाऱ्याची उभी काळी रेघ आणि पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कायम घोट्याच्या वर. घराण्यात कित्येक पिढ्यांत कुणी महाराष्ट्र पाहिला नव्हता, तरी घरात मराठीच चालायची. ती ऐकताना मला बखर वाचत असल्यासारखं वाटे, फक्त या बखरीत मध्येच कुणीतरी "पोदुम!" म्हणून ओरडे. पोदुम म्हणजे पुरे. हा शब्द मामींचा, आणि तो बहुतेक वेळा बंदुकांना उद्देशून असायचा. मामी नवऱ्याला 'अहो' म्हणत नसत, शेजारणींसारखी 'एन्ना' अशी हाक मारत.

"एन्ना, त्या तुप्पाकींस दोन वेळां तेल लावतां. माझे गुडघे काय पाप केले?"

"तुझे गुडघे गंजत नाहींत," मामा शांतपणे म्हणत.

यात खोटं काही नव्हतं. चेन्नईची हवा लोखंड खाते. माझी साताऱ्याहून आणलेली विळी पहिल्या पावसाळ्याआधीच तांबडी झाली. मामांच्या रायफली साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या, पण त्यांच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मामांचा सगळा जन्म संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात मापं तपासण्यात गेला होता. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते रायफली तपासत, भाजीवाल्याचं तागडं तपासत, आणि एकदा तर त्यांनी माझ्या दाराची चौकट तपासून ती सूतभर तिरकी असल्याचं मला रविवारी सकाळी उठवून सांगितलं होतं.

आता त्या तीन बंदुकांबद्दल. मामांचा दावा असा की तो 'संग्रह' आहे. पण कायदा असा की एका माणसाला तीनच बंदुका. तिकिटं जमवणाऱ्याला सरकारने तीनच तिकिटं ठेव म्हणून सांगावं तसला प्रकार. मी हे बोलून दाखवलं तर मामा म्हणाले, "तीन पुष्कळ. लेकरं जास्त झालीं कीं एकाकडेही लक्ष राहत नाहीं."

त्यांना नावंही लेकरांचीच होती. थोरली, मधली आणि धाकटी. तिघीही लष्कराने कधीकाळी काढून टाकलेल्या. नव्या, चकचकीत, परदेशी रायफलींबद्दल मामांना कवडीचं प्रेम नव्हतं. "जी पेन्शनींत निघाली तीच खरी. मी सुद्धां पेन्शनींतच आहें," असं ते म्हणत. धाकटी कुठल्याशा चहाच्या मळ्यावरच्या गोऱ्या स्वयंसेवकांची, मधली सोन्याच्या खाणीवरच्या क्लबातून आलेली. दोघींच्या नळ्या आतून झिजलेल्या होत्या आणि त्यांची गोळी कुठे जाईल हे त्यांच्या लहरीवर असे. थोरली मात्र अस्सल. दिसायला लढाईतल्या मोठ्या रायफलीसारखी जडशीळ, पण आत बारीक गोळी जाणारी. नव्या सैनिकांना महागडी काडतुसं न उडवता शिकता यावं म्हणून युद्धकाळात अशा रायफली करत. मामा तंजावरला कॉलेजात कॅडेट असताना त्यांनी आयुष्यातली पहिली गोळी हिच्यातूनच मारली होती. हिच्यासारख्या नव्हे, हिच्यातूनच. कॅडेटला आपल्या रायफलीचा नंबर पाठ करावा लागे. पुढे तीसेक वर्षांनी एका लिलावात रांगेने ठेवलेल्या जुन्या रायफली बघताना तो नंबर समोर आला आणि मामा तिथेच मटकन खाली बसले. "माझ्याशीं लग्न झालं तेव्हां बसले नव्हते," ही त्यावरची मामींची पुस्ती.

रोज सकाळी अंघोळ-संध्या झाली की मामा मागच्या पडवीत पालथे झोपत. रायफल रिकामी, समोर पाण्याच्या टाकीवर खडूने काढलेला ठिपका, आणि नळीच्या टोकावर माशीपाशी, म्हणजे नेम धरायच्या खुंटीपाशी, ठेवलेलं एक नाणं. चाप ओढला तरी नाणं पडता कामा नये. श्वास अर्धा सोडून धरून ठेवायचा, आणि मग चाप ओढायचा असा की आपण ओढतोय हे बोटालाही कळू नये. नवा दूधवाला पहिल्या दिवशी हे दृश्य बघून पिशव्या टाकून पळाला होता. जुन्या दूधवाल्याला सवय होती. तो चाप वाजेपर्यंत फाटकात श्वास धरून उभा राही आणि नाणं टिकलं की "सूपर, सार!" म्हणून मग आत येई.

रविवारी मामा नेमबाजी क्लबाच्या रेंजवर जात, तेही आगगाडीने. मामींनी जुन्या चादरीचे तीन लांब अभ्रे शिवले होते, त्यातला एक खांद्याला. परवाना खिशात, अंगारा कपाळावर, आणि चालणं सावकाश. डब्यातल्या लोकांना वाटे हे नागस्वरम, म्हणजे तिकडची लांब सनई, वाजवणारे विद्वान असावेत. त्यांना उठून जागा मिळे. एकदा एका गृहस्थाने आपल्या मुलीच्या लग्नमुहूर्तासाठी त्यांना तिथेच विचारलं. मामांनी सरळ सांगायचं ना, की आत रायफल आहे? पण भरल्या डब्यात ते सांगणं बरं दिसेना, म्हणून ते म्हणाले, "मी लग्नांत वाजवत नाहीं." गृहस्थाचा आदर दुप्पट झाला. उतरताना त्याने वाकून नमस्कार केला.

संग्रहात नवी यायची तर जुन्यांतली एक जायला हवी, हे ओघानेच आलं. आणि रायफल देणं हे मामांच्या घरी मुलगी देण्याइतकंच गंभीर काम होतं. मी तिथे असताना येरकाडचा एक कॉफीमळेवाला मधलीला बघायला आला. गाडी भली मोठी, हातात अंगठ्या. मामांनी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि मग विचारलं, "ठेवाल कोठें?" तो म्हणाला, बंगल्याच्या दिवाणखान्यात, भिंतीवर, वाघाच्या मुंडक्याशेजारी. मामांनी त्याचा कॉफीचा पेला शांतपणे उचलला.

"भिंतीस कॅलेंडर पुष्कळ मिळतात," ते म्हणाले.

माणूस गेल्यावर मामी चिडल्या. मामा म्हणाले, "जी गोळी मारण्यास जन्मली, तीस खिळ्यावर टांगावयाचं? मग तीस भट्टींत घातलेलं बरं." मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला. वाटला म्हणजे काय, होताच तो. पण त्या वेड्या माणसाचं मला कौतुक वाटायला लागलं होतं हेही खरं.

निवडणुका आल्या की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तमिळनाडूत निवडणुका सारख्याच येत असतात. मामा मुलींना वसतिगृहात सोडावं तसे रायफली घेऊन जात आणि तिथेही दिवसाआड तेलाची बाटली घेऊन हजर होत. एका वर्षी स्थानिक निवडणुका नेमक्या नवरात्रात आल्या. खंडेनवमीला घरात शस्त्रं नाहीत! मामींनी निर्णय दिला: शस्त्रं घरी येत नसतील तर पूजा शस्त्रांकडे जाईल. बँकेला सुट्टी होती, म्हणून फुलांची परडी माझ्या हाती आली आणि आम्ही ठाण्यात गेलो.

तिथे आयुधपूजेची गडबड उडालेली. दाराला केळीचे खुंट, जीपच्या चाकांखाली लिंबं, सगळीकडे चुरमुरे. एट्टय्यांनी, म्हणजे तिथल्या हवालदारांनी, हसत आमचं स्वागत केलं. "सार, तुम्ही काळजी करू नका. तुमच्या तिघींचीही पूजा मी स्वतः केली." आणि त्यांनी आम्हाला आत नेलं.

तिघी भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या. नळीपासून दस्त्यापर्यंत ओल्या गंधाचे जाड पट्टे, त्यावर कुंकू. माशीच्या खोबणीत गंधाचा गोळा. थोरलीच्या तर नळीच्या तोंडातच हवालदारांनी प्रेमाने झेंडूचं फूल खोचलं होतं. ओलं गंध, उघडं लोखंड आणि चेन्नईची हवा! मामांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस पोलीस ठाण्यात पोलिसावर ओरडणार.

एट्टय्या हात जोडून विचारत होते, "नीट झाली ना सार?"

"रोंब नल्ला," मामा म्हणाले. फार छान. आणि मग मराठीत माझ्याकडे वळून, जणू मी धर्मशास्त्री आहे, "अम्मा, तंजावरच्या आमच्या रीतीनं पूजेनंतर शस्त्रांस तैलस्नान असतं. घरांतल्या वडील मनुष्यानं करावयाचं. नाहीं कां?"

अशी रीत माझ्या तरी ऐकिवात नव्हती. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. मामांनी तीच गोष्ट तमिळमध्ये एट्टय्यांना सांगितली, पंचा कमरेला गुंडाळला, बाकावर बसले आणि गंधाचा कण न् कण पुसून तिघींना तेल दिलं. पण रीत म्हटली की ती अर्धी कशी राहील? एट्टय्यांनी भक्तिभावाने ठाण्याची स्वतःची हत्यारंही पुढे आणून ठेवली. मामा नाही कसे म्हणणार? दुपार उलटेपर्यंत ते म्हाताऱ्या सरकारी रायफली पुसत बसले होते आणि शिपाई एकेक करून येऊन त्यांच्या पाया पडत होते. पुढच्या वर्षी निवडणूक नव्हती, तरी नवमीला ठाण्याची जीप मामांना न्यायला आली. ही प्रथा, मला वाटतं, आता पुरातन समजली जात असेल.

मग ते डोळ्याचं झालं.

एके दिवशी सकाळी मामा पडवीत नुसते पालथे पडून होते. चाप वाजेना. दूधवाला फाटकात श्वास धरून धरून कंटाळला. मी खाली आले तेव्हा मामा उठून बसले होते. "माशीच्या जागीं ढग आला आहे," ते म्हणाले. "पुसतों, पुसतों, जात नाहीं." ते रायफलीची माशी पुसत होते. ढग उजव्या डोळ्यात होता. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची शीर तुंबली आहे; कडेकडेचं दिसत राहील, मधलं आता येणार नाही.

नेमबाजाला मधलंच लागतं.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. मामा तेल लावत, पण न बोलता. पडवीत झोपणं बंद झालं. अमेरिकेतला मुलगा फोनवर सारखं सांगे, बाबा, आता देऊन टाका सगळं. त्यातच परवान्यांच्या नूतनीकरणाचा विषय निघाला. कार्यालयातले नवे साहेब कडक होते. त्यांचं म्हणणं, खेळासाठी परवाना आहे ना, मग सभासद अजून नेमबाजी करतो असं क्लबाने लिहून द्यावं. नाहीतर रायफली सरकारजमा. सरकारजमा झालेल्या बंदुका कुठल्यातरी कोठडीत गंजतात आणि शेवटी वितळवायला जातात, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. क्लबाचे सेक्रेटरी मामांचे जुने मित्र, निवृत्त लष्करी डॉक्टर. पण तेही माप तपासणाऱ्यांच्याच जातीचे. "माझ्यासमोर एक कार्ड मारून दाखव, मी सही करतो," ते म्हणाले. "न बघता सही मी आयुष्यात केली नाही." वार्षिक स्पर्धेपर्यंतची मुदत होती.

मामांनी हाय खाल्ली होती. मामींनी मात्र नाही. एका संध्याकाळी त्यांनी कपाट उघडून स्वतः मधलीला बाहेर काढलं, रायफलीला त्यांनी हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती मामांच्या डाव्या हाताशी आणून आदळली.

"मज बघण्यास आलां तेव्हां दोन्हीं डोळे फाडून बघितलं. मी एकाच डोळ्यानं तुम्हांस बघितलं, दुसरा लाजेनं मिटला होता. माझं कांहीं चुकलं कां? डावा आहे ना अजून?"

सत्तरीच्या माणसाने डाव्या खांद्यावर रायफल लावायला शिकणं म्हणजे डाव्या हाताने रांगोळी काढणं. शिवाय या रायफलींचा बोल्ट, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर मागेपुढे करायचा दांडा, उजव्या बाजूला. डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला दर गोळीला सगळं अंग मोडून पुन्हा जुळवावं लागे. मामा चिडत, घामाघूम होत, नाणं दर वेळी टाकीखाली घरंगळत जाई. पण ते पुन्हा पडवीत पालथे पडले होते, आणि ते बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

अशात त्यांना ती जॉर्ज टाउनमध्ये सापडली. एका जुन्या बंदूकवाल्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. मामा मला सोबत घेऊन गेले होते. मोठमोठ्या रायफलींत ती अगदी लहानखुरी दिसत होती. फार जुन्या काळी शाळकरी कॅडेटांसाठी केलेली, लष्कराने केव्हाच विसरलेली. तिला बोल्ट नव्हता. चापाखाली एक मूठ. ती खाली ओढली की वर खाच उघडे, काडतूस ठेवायचं, मूठ वर. मामांनी ती डाव्या खांद्याला लावली, मूठ ओढली, सोडली. पुन्हा ओढली. मग त्यांनी नळी उजेडाकडे धरून डाव्या डोळ्याने आत बघितलं.

"अम्मा, इला डावं उजवं नाहीं," ते म्हणाले.

म्हणजे चौथी. आणि कायदा तीनचा.

झिजक्या नळीची मधली किंवा धाकटी कुणी नेमबाज घेणार नव्हता. घेणारा एकच होता, येरकाडचा. त्याचा निरोप अजून येत होता: मधली केव्हाही द्या, वाघाशेजारची जागा रिकामी ठेवली आहे. मामींनी हात जोडले, मीही भीड सोडून बोलले. मामा, मधलीला भिंतीवर जाऊ दे, तुमची थोरली तर राहील! मामांनी दोन दिवस अन्नाला धड हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुलगी आवडती नाहीं म्हणून खिळ्यावर देऊं? थोरलीस घर मिळतं आहे. तीच जाईल."

घर म्हणजे क्लबातली एक मुलगी. रेल्वेत तिकिटं तपासायची, दिवसभर उभं राहून रविवारी रेंजवर यायची आणि क्लबाच्या रायफलीसाठी रांगेत थांबायची. तिचा परवाना मंजूर होऊन पडला होता, रायफल परवडत नव्हती. मामांनी तिलाही बघायला बोलावलं. कॉफी दिली. प्रश्न असा एकही विचारला नाही, नुसती थोरली तिच्यासमोर धरली. तिने लगेच हात पुढे केला नाही. आधी ओढणीला दोन्ही तळहात पुसले, बोटं बोटांत फिरवून घाम राहिला नाही ना ते बघितलं, आणि मग रायफल घेतली.

"सार, नान पत्तिरमा पात्तुक्करेन," ती म्हणाली. मी नीट सांभाळीन.

मामा आत निघून गेले. मामी त्यांच्या मागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मीच त्या मुलीला फाटकापर्यंत पोचवलं. चादरीचा अभ्रा मामींनी आठवणीने तिला दिला होता.

परवानग्यांचे कागद फिरून ती लहानखुरी घरी यायला स्पर्धा तोंडावर आली. तिच्याबरोबर मामांना जेमतेम काही रविवार मिळाले. स्पर्धेच्या दिवशी मी रजा टाकून गेले. मामी आल्या नाहीत. त्यांनी सकाळपासून देवासमोर बसायचं ठरवलं होतं.

रेंजवर एका ओळीत चटया टाकलेल्या, समोर तेवढीच कार्डं, प्रत्येकावर काळा ठिपका. मामांच्या शेजारच्या चटईवर ती मुलगी, थोरली घेऊन. मामा डावखुऱ्यासारखे पालथे झोपले, मूठ ओढली, काडतूस ठेवलं. त्यांचा एक जुना नियम होता: सगळ्या गोळ्या मारून होईपर्यंत दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. भात शिजताना झाकण काढू नये, म्हणत. एकेक गोळी ते इतक्या शांतपणे मारत होते की माझाच श्वास अडकत होता. संपल्यावर त्यांनी रायफल खाली ठेवली, मान टेकवली. सेक्रेटरींनी मागून दुर्बीण लावली. बराच वेळ लावून धरली. मग उठून चालत कार्डापाशी गेले, परत आले.

"कार्ड कोरं आहे," ते म्हणाले. "एकही नाही लागली रे."

मामा उठून बसले. त्यांनी डाव्या डोळ्यावरून हात फिरवला, ढग तिकडेही आला की काय हे बघावं तसा. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मामींना काय सांगायचं?

तेवढ्यात शेजारच्या चटईवरून त्या मुलीने हात वर केला. "सार, माझ्या कार्डावर जास्त आहेत."

सेक्रेटरी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी कार्ड काढूनच आणलं. तिच्या गोळ्या काळ्याभोवती पसरलेल्या होत्या. थोरली अजून तिच्या हातात बसायची होती. आणि बरोबर मध्यभागी, काळ्या ठिपक्याच्या पोटात, एकमेकींना चिकटलेल्या दुसऱ्याच गोळ्या. पावली ठेवली तर सगळ्या झाकल्या जातील इतक्या जवळ. उजवा माणूस पालथा झोपताना पाय डावीकडे टाकतो, डाव्याने उजवीकडे टाकायचे. मामांचं अंग आता उलट तिरकं पडत होतं आणि डाव्या डोळ्याने भरल्या ओळीत मारण्याची ही पहिलीच वेळ होती; समोर जे कार्ड आलं ते आपलंच धरून ते नेम घेत गेले होते. शेजारणीच्या कार्डावर!

मुलगी म्हणाली, "मधल्या सगळ्या सारांच्या. मी अशा मारल्या असत्या तर मला कळलं असतं."

मामांनी कार्ड हातात घेऊन डाव्या डोळ्याजवळ नेलं. एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला.

"दुसऱ्याच्या कार्डावर मारलेली गोळी धरत नाहींत," ते सेक्रेटरींना तमिळमध्ये म्हणाले. "शून्य लिही."

"शून्यच लिहिणार," सेक्रेटरी म्हणाले. "स्पर्धेत तू शेवटचा. पण साहेबांनी विचारलंय ते एवढंच, की हा सभासद अजून नेमबाजी करतो का." आणि त्यांनी तिथेच, चटईवर मांडी घालून, सही केली.

घरी पोचलो तेव्हा मामी फाटकातच उभ्या होत्या.

"एन्ना, काय आलं?"

"शून्य," मामा म्हणाले.

मामींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रडत होते आणि हसतही होते, मला काही सांगता येईना. मामींना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मुलगा पहिला आला होता तेव्हांसुद्धां तुमचं तोंड असं झालं नव्हतं."

"शून्य!" मामा पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.